रंगरावांचे बगळे

दुपारी अडीच ही कोल्हापुरात वाजवायची वेळ नव्हे. अडीचला माणूस जेवून आडवा होतो, दुकानाचं शटर अर्ध्यावर येतं, रिक्षावाला मागच्या सीटवरून पाय बाहेर काढून घोरतो. आमच्या राजारामपुरीतसुद्धा या वेळी हॉर्न जरा दबकून वाजतात. आणि नेमक्या याच वेळी माझ्या छतावर हलगी सुरू होते.

हलगी म्हणजे खरीखुरी. कुस्तीच्या मैदानात पैलवान उतरताना वाजते ती. माझ्या बरोबर वरच्या मजल्यावर राहणारे रंगराव ती वाजवतात आणि कशासाठी वाजवतात हे ऐकलंत, तर तुम्हीही माझ्यासारखी उशी डोक्यावर घ्याल. जपानात बेसबॉलची मॅच सुरू झालेली असते.

तिकडे त्यांची संध्याकाळ असते, दिव्यांच्या उजेडात खेळतात. इकडे आमची दुपार. मार्चअखेरीला सुरू होतं ते दिवाळीच्या तोंडापर्यंत, जवळजवळ रोज. सोमवारी त्यांना बहुधा सुट्टी असते, म्हणून मी सोमवारी झोपतो. माझे गणिताचे क्लासेस आहेत. एक बॅच पहाटे, एक संध्याकाळी. मधली दुपारची झोप एवढीच माझी इस्टेट, आणि तिच्यावर बसून हा माणूस हलगी बडवतो.

माझा स्वभाव बोलण्याचा नाही. वर्गात बोलतो, पण ते फळ्याशी. त्यामुळे तक्रार करायला वर जाईपर्यंत एक अख्खा उन्हाळा गेला. शेवटी एका दुपारी जिना चढलो. दार उघडंच होतं. भिंतीवर दाराएवढा टीव्ही, त्यात हिरवंगार मैदान, आणि समोर कॉटवर बनियनमध्ये, गळ्यात पांढरा टॉवेल टाकून रंगराव. सत्तरीचे, पण खांदे अजून उद्यमनगरातल्या लेथ मशीनवर वाकल्यासारखे. आयुष्यभर त्यांची तिथं शेड होती, आता कुलूप आहे.

"या की सर, बसा. बगळं खेळाय लागल्यात."

बगळे म्हणजे त्यांची टीम. तिचं खरं जपानी नाव आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्याच तोंडात बसलेलं नाही. टोपीवर एका पायावर उभा असलेला पांढरा पक्षी असतो, एवढ्यावरून रंगरावांनी बारसं उरकून टाकलं. "रंकाळ्यावर असत्यात न्हवं, तसलंच. दिसाय गरीब, खरं टपून असत्यात." कुठल्याशा बंदराच्या गावाची ही टीम. टपून असते खरी, पण तिला मासा क्वचितच मिळतो. तक्त्यात ती कायम खालून पहिली किंवा दुसरी.

मी म्हटलं, "आण्णा, जरा एक सांगायचं होतं. दुपारच्या वेळी हा आवाज—"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि रिमोटनं टीव्हीचा आवाज बंद केला. "थांबा सर. त्यांची बॅटिंग हाय."

"मग?"

"त्यांची बॅटिंग असली की आपण गप्प ऱ्हायचं. जपानात तशी रीत हाय. ढोल, पिपाण्या, गाणी, सगळं आपल्या बॅटिंगला. दुसऱ्याच्या बॅटिंगला तोंडातनं शब्द काढायचा न्हाय."

मी गप्प बसलो. तीन माणसं आऊट झाली की बॅटिंग बदलते, आणि त्यांची तीन व्हायला बराच वेळ लागला. त्या शांततेत मला बसल्याबसल्या डुलकी लागत होती, तेवढ्यात रंगराव म्हणाले, "झाली तीन आऊट. आता बोला, काय म्हणत हुतासा?" आणि त्यांनी हलगी उचलली. मी माझी तक्रार सविस्तर सांगितली. ती कुणालाही ऐकू गेली नाही, मलासुद्धा.

ही गप्प बसण्याची रीत त्यांनी मॅचपुरती ठेवली असती तर मी काही म्हटलं नसतं. पण बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरी त्यांना अर्धा तास झोडपत होते, तेव्हा हे मांडीवर हात ठेवून पुतळ्यासारखे बसले. सेक्रेटरी दमून पाणी प्यायला थांबले. रंगराव उठले. "झाली? तीन आऊट? आता आमची बॅटिंग." आणि पुढचा पाऊण तास टाकी राहिली बाजूला. घरात शालनवैनी, म्हणजे त्यांची बायको, भांडायला लागल्या तरी हाच नियम. फक्त तिथं त्यांची पंचाईत होते. "तिची बॅटिंगच संपत न्हाय, सर. तिला आऊट कोण करणार?"

जपानात म्हणे प्रत्येक खेळाडूचं स्वतःचं गाणं असतं. तो बॅट घेऊन आला की गॅलरीतली सगळी माणसं त्याचं गाणं म्हणतात. मग रंगरावांनी बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला गाणं करून दिलं. मी संध्याकाळी क्लासला निघालो की वरच्या गॅलरीतून येतं :

"सर, सर, चला सर,
गणित सांडा फळ्यावर!"

माझी बारावीची मुलं आता हेच म्हणतात. मी वळलो की थांबतात. शालनवैनींना मात्र गाणं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "ती खेळाडू न्हाय. ती अंपायर हाय."

सातव्या डावात तिकडे प्रेक्षक लांबोळके फुगे फुगवून हवेत सोडतात. रंगरावही सोडतात. ते फुगे शिट्टी मारत वर जातात, हवा संपली की पिपाणीसारखे रडतात आणि माझ्या गॅलरीत येऊन पडतात. वाळत टाकलेल्या साबुदाण्याच्या पापडांत मला एकदा तीन सापडले. मॅच संपली की जपानी प्रेक्षक आपला कचरा आपण गोळा करून नेतात, हेही यांनी पाहिलेलं. त्यामुळे मॅच संपली की ते पिशवी घेऊन खाली येतात आणि माझ्या घरात शिरून आपले फुगे वेचतात. मी झोपलेलो असलो तरी. "झोपा सर, झोपा. आमचंच हाय, न्ह्यायला आलोय."

आमच्याकडच्या पेठापेठांच्या एका फुटबॉल फायनलला हे पोतं घेऊन गॅलरीत कागद गोळा करत फिरले. कुणीतरी दांडगा पोरगा आडवा आला. "ओ पावणं, कुठल्या पेठेचं?"

"बगळ्यांचा."

पोरगं सात पेठा मनात मोजत बसलं.

क्रिकेटला ते नावं ठेवतात, हे कोल्हापुरात एकवेळ चालून जाईल. "एकदा आऊट झाला की गेला घरला? ह्येला काय खेळ म्हणायचं? हितं बघा. आता चुकला, जाऊन बसला. थोड्या वेळानं परत येतोय. परत येती की बॅटिंग." हे "परत येती की बॅटिंग" त्यांचं पालुपद. भाजीवाल्याला चिल्लर नसली तरी तेच, लिफ्ट बंद पडली तरी तेच.

हे सगळं मी सोसलं. पण एक गोष्ट मला सहन होईना, कारण मी शेवटी गणिताचा माणूस आहे.

आमच्याकडे फुटबॉल पेठांचा असतो. दुसऱ्या पेठेनं गोल केल्यावर टाळी वाजवणाऱ्या माणसाला घरात घेतात की नाही, याची शंकाच असते. आणि हा अस्सल कोल्हापूरचा माणूस, समोरच्या टीमची बॅटिंग चालू असताना, स्वतःचाच गप्प बसायचा नियम मोडून, मधूनच कॉटवरून उठायचा आणि हलगी बडवायचा. आवाज ऐकून मी खूश होऊन विचारावं, "बगळे जिंकले का आण्णा?" तर म्हणणार, "न्हाय. त्यांनी होमरन मारला." होमरन म्हणजे आपला सिक्सर, चेंडू थेट प्रेक्षकांत. आपल्याला सिक्सर बसला आणि हे नाचतायत!

मी बसून बघायला लागलो. हो, झोप सोडून. एखादं उदाहरण सुटत नसलं की माझी ती खोडच आहे. थोड्याच दिवसांत एवढं लक्षात आलं, की प्रत्येक होमरनला ते उठत नाहीत. बॅट्समन डावखुरा असला, म्हणजे ज्याचा फटका बहुधा उजवीकडं जातो, की आधीच कॉटच्या कडेला सरकतात. चेंडू उजवीकडच्या गॅलरीत पडला तरच हलगी. मग तो कुणीही मारलेला असो. डावीकडं पडला तर स्वतःच्या टीमचा असूनही नुसतं "हं." आणि हलगी हातात असते, पण नजर चेंडूवर नसते. कॅमेरा प्रेक्षकांवर जातो, तेवढ्या क्षणात ते तोंड टीव्हीला लावतात. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं ते टाळतायत.

"आण्णा, तुम्ही बघता काय?"

"मॅच."

शेवटी जिन्यात शालनवैनींनी सांगितलं. हातात दुधाची पिशवी, आवाज खाली.

"सर, रागवू नगासा त्यांच्यावर. पोरगं बघाय बसत्यात ते."

पोरगं म्हणजे संग्राम. हा माझा विद्यार्थी. गणितात बरा, हातानं फार चांगला. कॉलेज करून मशीनवरचं काम शिकला आणि जपानात कारखान्यात नोकरी धरली. रंगरावांची इच्छा होती की त्यानं उद्यमनगरातली शेड चालवावी. जाताना बापलेकांची जुंपली. "गेलास तर ह्या शेडात पाय ठेवू नगंस," असं रंगराव म्हणाले, आणि तो गेला. चार वर्षं झाली, दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. रंगराव त्याचं नावसुद्धा घेत नाहीत. "त्यो" म्हणतात.

त्या बंदराच्या गावी गेल्यावर कारखान्यातली माणसं संग्रामला मॅचला घेऊन गेली. तिथं उजवीकडच्या गॅलरीत ढोल वाजवणारी, गाणी म्हणणारी मंडळी बसतात, त्यांच्यात हा रमला. आणि एकदा डोक्याला फेटा बांधून गेला. कॅमेऱ्यानं तो टिपला, कुणीतरी ते रेकॉर्ड करून दिलं, संग्रामनं आईला पाठवलं. वैनी फोनवर बघत होत्या. रंगराव चष्मा शोधण्याचं निमित्त करून मागं उभे होते. चष्मा त्यांच्या नाकावर होता. पुढच्याच आठवड्यात भिंतीवर हा टीव्ही आला.

"तोंड दिसत न्हाय हो नीट," वैनी म्हणाल्या. "फेटा तेवढा दिसतोय. तेबी बॉल त्या बाजूला गेला तर. म्हणून बॉल तिकडं जाऊ दे म्हणत्यात. टीम हरूंदे न्हाय तर बुडूंदे."

फेट्याचंही एक आहे. रंगराव डावरे, म्हणजे डावखुरे. हलगी उलटी धरतात, लेथही उलट्या हातानं चालवायचे आणि फेटाही उलटा बांधतात. सगळ्या जगाचा तुरा उजवीकडं, यांचा डावीकडं. राजारामपुरीतल्या लग्नांत फेटे बांधायला त्यांनाच बोलावतात, त्यामुळे आमच्या भागातल्या निम्म्या अल्बममधले वऱ्हाडी एका बाजूला कलल्यासारखे दिसतात. कुणी बोललं तर, "तोंड सरळ हाय न्हवं? मग." संग्राम उजव्या हाताचा. पण फेटा बापाकडून शिकला, म्हणून त्याचाही तुरा डावीकडंच.

हे कळल्यावर मी मऊ झालो असेन असं तुम्हाला वाटेल. झालो, चार दिवस. पाचव्या दिवशी रंगरावांनी मला नोकरीवर ठेवलं. "सर, तुमची नजर तरणी हाय. उजव्या गॅलरीवर ध्यान ठेवा. मी बॅट्समनवर ठेवतो." आता हलगीनं उठायचं नाही, तर हलगी वाजायच्या आधीच वर जाऊन बसायचं. डावखुरा आला की ते जमिनीवर काठी आपटायचे. त्या काठीची माझ्या छताला आणि मला सवय झाली. बगळे दौऱ्यावर दुसऱ्या गावी गेले की मला रजा. घरच्या मैदानावर आले की हजेरी.

मी त्यांना म्हटलंही, "आण्णा, एवढं करण्यापेक्षा फोन का करत नाही?"

"माझं बोलून झालंय. आता त्याची बॅटिंग."

संग्रामलाही मी तेच विचारलं. तो मला अधूनमधून फोन करतो. तो म्हणाला, "आण्णांनी एकदा हाक मारू दे की सर. मी मधीच कसा बोलू?" म्हणजे दोघंही समोरच्याची बॅटिंग समजून गप्प. असल्या मॅचचा निकाल जपानातला अंपायर तरी काय लावणार? मी दोघांच्याही नादी लागायचं सोडून दिलं.

आता ती जुलैतली दुपार. बाहेर पाऊस, पोटात वरणभात, संध्याकाळी बारावीची चाचणी आणि पेपर अजून काढायचा. मी त्यांच्या खुर्चीत बसून झोपेशी झगडत होतो. समोरच्या टीमचा डावखुरा आला, काठी आपटली. चेंडू उंच उडाला, उजवीकडं गेला, कॅमेरा गॅलरीवर आला. शेकडो तोंडं, टोप्या, टॉवेल. फेटा कुठंच नव्हता. माझ्या मनात एकच विचार आला, की हा दिसला असता तर आज मला घरी जाऊन झोपता आलं असतं.

मी उभा राहून ओरडलो, "दिसला! आण्णा, फेटा दिसला!"

रंगरावांनी टीव्हीकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्यांनी हलगी अशी बडवली, की समोरच्या दवाखान्यातली माणसं खिडकीत आली. मी खाली येऊन गाढ झोपलो. खोटं बोलून इतकी चांगली झोप लागते हे मला पन्नाशी उलटून गेल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी वरून जेवणाचं बोलावणं. मटण, तांबडा, पांढरा. रंगराव स्वतः वाढत होते. "घ्या सर, पांढरा घ्या. तुमच्या डोळ्याला घ्या." मी दोन वाट्या तांबडा प्यालो. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाचं, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

आठवड्याभरानं संग्रामचा फोन. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाला, "सर, मी मे महिन्यातच गाव बदललं. दुसऱ्या कारखान्यात आलोय. हितं डोंगर हायत नुसतं, स्टेडियम न्हाय. आईला सांगितलंय. आण्णांना सांगू नका हं. त्यांना तेवढंच बघायचं असतंय. कळलं तर टीव्ही बंद करून बसतील."

मे महिन्यात. आणि मला तो जुलैत दिसला होता.

त्यानंतर माझी झोप गेली. हलगी असो वा नसो. बगळे दौऱ्यावर असले, वर चिडीचूप असलं, तरी मी छताकडं बघत पडलेला. वरचा म्हातारा रिकाम्या गॅलरीत पोरगा शोधतोय, त्याला ते माहीत नाही, मला आहे, आणि त्याच्या घरचा पांढरा रस्सा माझ्या पोटात आहे. दोन-तीनदा सांगायला वर गेलो. त्यांनी दरवेळी खुर्ची पुढं केली, "बसा सर, डावखुरा हाय," आणि मी बसलो. ऑगस्ट गेला, गणपती गेले. माझ्यासारख्या माणसाला गप्प बसायला नियम लागत नाही.

ऑक्टोबरात बगळ्यांची घरच्या मैदानावरची शेवटची मॅच. ते खालून पहिले, म्हणजे पुढं काही नाहीच. मी ठरवून गेलो. आज झालं नाही तर मार्चपर्यंत पोटात राहणार. वैनी स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या. मी दारातूनच म्हणालो, "आण्णा, मला तुमच्याशी बोलायचंय."

ओठांवर बोट. टीव्हीचा आवाज बंद. "त्यांची बॅटिंग हाय."

मी बसलो. माझ्या आयुष्यातल्या एकुलत्या एका कबुलीजबाबाला समोरच्या टीमचे तीन खेळाडू आऊट होण्याची वाट बघावी लागली. एक झाला. दुसऱ्यानं चेंडूमागून चेंडू कडेला ढकलून जीव काढला. तिसऱ्याचा झेल एकदाचा पकडला गेला.

"हां. बोला सर. आता तुमची बॅटिंग."

मी एका दमात बोललो. जुलैत फेटा दिसला नव्हता, मी झोपेसाठी खोटं बोललो, संग्राम मेपासूनच त्या गावात नाही, मला माहीत होतं, मी सांगितलं नाही.

"ठावं हाय," रंगराव म्हणाले.

"काय ठावं आहे?"

"त्यो तिथं न्हाय त्ये. मे म्हैन्यापास्नं ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

त्यांनी हनुवटीनं स्वयंपाकघर दाखवलं. "ही फोनचा स्पीकर लावून बोलती त्याच्याशी. मी त्यांच्या बॅटिंगला आवाज बंद करतोय न्हवं? हिला वाटतंय म्हातारा मॅच बघतोय. मला त्याचं सगळं ऐकू येतंय. खोकला झालावता त्योबी ऐकलाय."

आत चहाचं भांडं ओट्यावर जरा जोरात टेकलं.

मला राग आला. खरंच आला. "म्हणजे मी ओरडलो तेव्हा तुम्हाला माहीत होतं? मग मटण कशाला घातलंत?"

ते हलगीच्या कडेवर बोट फिरवत बसले. "चार वर्सं ह्या घरात मी एकटाच वरडतोय, सर. त्यादिवशी तुम्ही उठून वरडलासा. खोटं असूंदे, खरं वरडलासा न्हवं? आमच्या पोरासाठी." मग म्हणाले, "आन् पांढरा तुमास्नी आवडतोय."

मी विचारलं, "मग तो तिथं नाही हे माहीत असून रोज बघता काय?"

"त्याची जागा. रिकामी हाय का कोण बसलंय, बघतो."

बगळे पटापट आऊट झाले आणि परत समोरच्यांची बॅटिंग आली. आवाज बंद झाला. वैनी चहा ठेवून, पदरानं डोळे पुसत तिथंच उभ्या राहिल्या. डावखुरा आला. रंगरावांनी काठी आपटली नाही. सवयीनं मीच गॅलरीकडं बघितलं. चेंडू उंच उडाला, उजवीकडं. कॅमेरा गेला.

"फेटा!" मी ओरडलो. "आण्णा, फेटा दिसला!"

"बास की सर आता. मटाण करायला सांगू व्हय?"

"अहो, शप्पथ! खरंच फेटा!"

"बसा."

लांडगा आला रे आला ओरडणाऱ्या पोराचं पुढं काय झालं, हे मी मुलांना किती वेळा सांगितलं असेल. पण जपानी लोकांची एक चांगली सवय आहे, ते सगळं दोनदा दाखवतात. होमरनचा चेंडू परत उडाला, यावेळी हळूहळू. गॅलरीत एका जाड चष्म्याच्या जपानी माणसानं तो दोन्ही हातांत पकडला. सिक्सर बसल्याचं दुःख विसरून तो लहान पोरासारखा चेंडू वर धरून उभा राहिला. त्याच्या डोक्यावर फेटा होता. केशरी, ढिला, कानावर आलेला. शेमला, म्हणजे मागं सोडतात तो पदर, सुटून खांद्यावर लोंबत होता. आणि तुरा डावीकडं होता.

रंगराव टीव्हीपाशी गेले. एवढे जवळ की त्यांच्या टकलावर हिरवा उजेड पडला. चित्र बदललं तरी ते तिथंच उभे. डावा हात आपोआप स्वतःच्या डोक्याकडं गेला होता आणि जिथं तुरा येतो तिथं थांबला होता.

"शालन," ते म्हणाले, "संग्रामला फोन लाव."

वैनींनी माझ्याकडं बघितलं. हे नाव चार वर्षांनी त्या खोलीत आलं होतं. त्यांना फोन लावता येईना, मी लावून दिला. पलीकडं उचलला गेला. "आई?" असं आलं असावं.

रंगराव घसा खाकरून, लेथच्या आवाजावर बोलायची सवय असलेल्या गळ्यानं म्हणाले, "त्या चष्मेवाल्याला फेटा धड शिकवला न्हाईस. शेमला सुटतोय त्याचा."

मग ते थांबले. पलीकडून काहीच येईना. मला वाटलं, गेलं, परत भांडण. मग अगदी बारीक आवाजात पलीकडं कुणीतरी बोलायला लागलं, आणि बोलतच राहिलं. रंगराव कॉटवर बसले. ओठ मिटलेले, मान खाली. टीव्ही मुका होता. खाली कुणीतरी ट्रक सुरू केला, त्याच्या घरघरीनं कॉटवरची हलगी आपोआप थरथरायला लागली, तसा रंगरावांनी मोकळा पंजा तिच्या चामड्यावर दाबून धरला.

मी कप आत ठेवून, पाय न वाजवता जिना उतरलो.